वाटीला पाणी किती? आधी तांदूळ कुठला ते सांगा

वाचकाचं पत्र

फेब्रुवारीत आमच्या भागात तांदूळ महोत्सव होता. थेट शेतकऱ्यांकडून मिळतोय म्हणून हौसेने इंद्रायणी, आंबेमोहर, वाडा कोलम आणि कोकणातला लाल उकडा असे चार तांदूळ पाच-पाच किलो आणले. बासमती घरात होताच. आमच्याकडे आजवर एकच रीत: वाण्याकडचा जुना कोलम, वाटीला दोन वाट्या पाणी, कुकरमध्ये खाली डाळ, वर भाताचा डबा, चार शिट्ट्या. त्याच मापाने हे सगळे लावले आणि एकही धड झाला नाही. इंद्रायणीचा लगदा झाला. आंबेमोहराला वासच नाही. नवा कोलम चिकट झाला. बासमतीचे तुकडे पडले आणि उकडा चार शिट्ट्यांनंतरही कचकचीत राहिला. सासूबाई म्हणतात, तांदूळच भेसळीचा आहे. सासरे मूळचे मालवणकडचे. त्यांना उकड्या तांदळाची पेज हवी आहे आणि त्यांना साखरही आहे. वीस किलो तांदूळ घरात पडून आहे. काय करू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुम्ही सांगितलेल्या खुणांत भेसळीची खूण एकही नाही. इंद्रायणी इंद्रायणीसारखा वागला आणि उकडा उकड्यासारखा. तुमचं माप जुन्या कोलमासाठी अगदी बरोबर आहे, पण ते फक्त त्याचंच आहे. प्रत्येक तांदळाचं माप वेगळं, आणि त्यातही नव्याचं वेगळं, जुन्याचं वेगळं.

महोत्सवाचा महिना तुम्ही लिहिलात ते बरं झालं, कारण गोम तिथेच आहे. मावळात, पालघरात, कोकणात भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. मग झोडणी, वाळवण आणि गिरणी. म्हणजे फेब्रुवारीत हाती आला तो तीन-चार महिन्यांचा नवा तांदूळ. वाण्याकडचा ‘जुना’ कोलम किमान वर्षभर मुरलेला असतो. नव्या तांदळाचा दाणा नाजूक असतो. उकळत्या पाण्यात त्याच्यातलं पीठ चटकन बाहेर येतं आणि शितं एकमेकांना धरतात. तांदूळ साठवणीत जुना होतो तसा दाणा आतून घट्ट होतो, न फुटता जास्त पाणी पितो आणि फुलतो. म्हणून जुन्याला दोन वाट्या पाणी लागत असेल, तर त्याच जातीच्या नव्याला पावणेदोन, कधी दीडच पुरतं. तुमचा नवा वाडा कोलम चिकटला तो एवढ्यामुळेच. जात तीच आहे, फक्त वय लहान आहे. त्याला पाव वाटी पाणी कमी घाला आणि धुतल्यावर अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा. कोलमाचं काम झालं. जमलं तर त्यातला दोन-तीन किलो पुढच्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा.

आता पाण्याचा हिशेब. भाताला घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं: थोडं तांदूळ पितो, थोडं वाफ होऊन उडतं. तांदळाचा वाटा वाट्यांवर ठरतो, तर वाफेचा वाटा भांड्यावर, झाकणावर आणि वेळेवर. कुकरच्या आत ठेवलेल्या डब्यातून जवळजवळ काहीच उडत नाही, कारण वाफ होते ती तळाशी घातलेल्या पाण्याची. गॅसवरच्या पातेल्यातून मात्र पाऊण वाटी सहज उडते, मग तुम्ही भात एका वाटीचा लावा की तीन वाट्यांचा. म्हणून तुमचा नवा कोलम पातेल्यात करताना वाटीला पावणेदोन वाट्या तांदळाच्या आणि वर पाऊण वाटी पातेल्याची, असं मोजा. एका वाटीला अडीच वाट्या झाल्या. चार वाट्या तांदूळ असेल तर सात अधिक पाऊण, मोठं पातेलं असेल तर आठ. ‘वाटीला अडीच’ धरून दहा वाट्या ओतल्या की पाहुण्यांच्या दिवशीच नेमका भात गिच्च होतो. पाहुणे आले की भात बिघडतो, याचं कारण बहुतेक घरांत हेच असतं.

आणलेल्या पिशवीला नेमकं किती पाणी लागतं, हे शोधायला पाच किलो खर्ची घालावे लागत नाहीत. पोह्याचा एकच चमचा मापाला घ्या. तीन लहान स्टीलच्या वाट्यांत प्रत्येकी सपाट चार चमचे तांदूळ, धुवून, पूर्ण निथळून. पहिल्या वाटीत सहा चमचे पाणी, दुसरीत सात, तिसरीत आठ. म्हणजे दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट. प्रत्येक वाटीवर छोटी ताटली झाका, तिन्ही वाट्या एकाच वेळी कुकरच्या जाळीवर ठेवा, तळाशी दोन वाट्या पाणी, आणि दोन शिट्ट्या काढून गॅस बंद करा. वाफ आपोआप जिरू द्या. उघडल्यावर तिन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा. जी वाटी घरात सगळ्यांना आवडेल तिचं माप कागदावर लिहून त्या तांदळाच्या डब्याला चिकटवा, तारखेसकट. सहा महिन्यांनी तोच तांदूळ थोडं जास्त पाणी मागायला लागेल, तेव्हा तारीख उपयोगी पडते.

भात शिजला की नाही हे कळायला एक शीत अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. मध्ये पांढरा कडक ठिपका लागला तर भात बोटचेपा आहे, आतली कणी अजून कच्ची आहे. शीत सपाट होऊनही त्याच्या कडा दिसत असतील तर झाला. बोटाला पिठासारखं माखून गेलं तर पुढे गेला. उघड्या पातेल्यात भात करत असाल तर वरही लक्ष ठेवा. पाणी आटत येतं तशी भातावर छोटी छोटी भोकं पडतात आणि त्यांतून वाफ येते. त्या घडीला आच अगदी बारीक करायची, खाली तवा सरकवायचा, झाकण घट्ट, आठ ते दहा मिनिटं. त्याआधी झाकण उघडून ढवळलं की शितं मोडतात आणि पीठ सुटतं.

इंद्रायणीकडे येऊ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ ही भरघोस पिकणारी जात यांच्या संकरातून ही जात काढली आणि १९८७मध्ये ती शेतकऱ्यांकडे आली. आंबेमोहराकडून तिला मंद वास आणि चिकटपणा मिळाला. म्हणजे तिचा भात थोडा चिकट, मऊसूत होणारच, आणि तसाच तो खायचा. मोकळा करायचा अट्टहास केलात तर दाणा अर्धकच्चा राहील. पण चिकट वेगळा आणि लगदा वेगळा. डब्यात नव्या इंद्रायणीला वाटीला दीड वाटी पाणी, जुन्याला पावणेदोन. भिजवायचा नाही. दोनदा हलक्या हाताने धुवायचा, तांदूळ हातात चोळायचा नाही. पाणी गरम घाला, अर्धा चमचा तूप किंवा तेल घाला. दोन शिट्ट्या, बस. चार शिट्ट्यांत तिचं पीठ होतं. उघडल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. गरम असताना शितांवरचं पीठ ओलं आणि सैल असतं, थोडं निवलं की ते धरतं आणि शीत सुटं होतं. मग काट्याने किंवा लाकडी उलथन्याच्या कडेने, कडेकडून वर काढत मोकळा करा. हा भात पिठलं, झुणका, आमटी, दूध-भात यांच्यासाठीच आहे, कारण तो कालवण धरून ठेवतो. पुलावाला घेऊ नका. दहीभाताला मात्र यासारखा दुसरा नाही: कोमट असताना मळून आधी दूध घाला, पूर्ण गार झाल्यावर दही. गरम भातात दही घातलं तर ते फाटतं आणि आंबट होतं.

आंबेमोहराचं दुखणं निराळं आहे. त्याचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते वाफेबरोबर उडतं. बासमतीतही तेच द्रव्य असतं, आणि कोकणात भातात घालतात त्या बासमतीच्या पानातही. चार शिट्ट्यांत वास कुकरच्या वाटेने बाहेर जातो. स्वयंपाकघर घमघमतं आणि ताटात काही उरत नाही. शिवाय आंबेमोहराला भिजवणं, चार-पाच पाण्यांनी धुणं, उघड्या गोणीत ठेवणं, हे तिन्ही सोसत नाही. त्याला पातेलंच बरं. वाटीभर तांदळाला (नवा असेल तर) सव्वादोन वाट्या पाण्याचं आधण ठेवा, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घाला. दोन पाण्यांत धुतलेला तांदूळ उकळी फुटल्यावर वैरा, एकदा तळापासून हलवा, झाकण अर्धवट ठेवा. सात-आठ मिनिटांत भोकं दिसतील. मग तवा, बारीक आच, घट्ट झाकण, आठ मिनिटं. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकण काढायचं नाही. हा वेळ चुकवू नका, कारण वास ताटापर्यंत पोचतो तो या मुरण्यामुळे. झाकण उघडताच मूद पाडा, वर साधं वरण, तूप, लिंबू. डब्यातच करायचा असेल तर दीड ते पावणेदोन वाट्या पाणी, डब्यावर ताटली, एक शिट्टी, मग पाच मिनिटं बारीक आच.

वास अजिबातच आला नाही, असं झालं तर मात्र तांदळाकडे नीट बघा. मुळशी-मावळचा आंबेमोहर आखूड, थोडा जाडसर, पांढरट पोटाचा असतो. त्याचं उत्पन्न कमी आणि मागणी मोठी, म्हणून बाहेरच्या राज्यांतला बारीक सुगंधी तांदूळही बाजारात याच नावाने विकला जातो. तो वाईट असतो असं नाही, पण आंबेमोहर नसतो. वरून अत्तर मारलेला तांदूळ ओळखायची सोपी परीक्षा आहे. पिशवीत नाक घातल्यावर वास भपकन येतो, दोनदा धुतल्यावर नाहीसा होतो आणि शिजताना परत येत नाही. खऱ्या आंबेमोहराचं उलट असतं: कोरडा असताना जेमतेम वास, शिजायला लागला की घर भरतं.

मसालेभाताला आंबेमोहर घेणारी घरं आहेत आणि त्यांचं चुकत नाही. तेव्हा तांदूळ धुवून अर्धा तास निथळायचा, फोडणीत तोंडली परतली की तांदूळ घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं, दाणा हाताला गरम आणि कोरडा लागेपर्यंत परतायचा. दाण्यावर तेलाचं पातळ आवरण बसतं, पीठ कमी सुटतं. मग वाटीला दोन वाट्या कडकडीत पाणी. गार पाणी ओतलं की शिजणं मध्येच थांबतं, दाणा बाहेरून मऊ आणि आतून कच्चा राहतो. गोडा मसाला परतताना न घालता पाण्याबरोबर घाला, म्हणजे तो करपून कडू होत नाही.

बासमतीचे तुकडे कशाने पडले? दोन गोष्टींनी. एक, न भिजवता लावला. लांब, बारीक दाण्याचा बाहेरचा थर आधी फुगतो, आतला गाभा कोरडाच असतो आणि दाणा मध्येच तडकतो. तीस मिनिटं भिजवला की ओलावा गाभ्यापर्यंत जातो आणि दाणा लांबीत वाढतो. दुसरं, बहुधा शिटी उचलून वाफ सोडली असेल. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. दाब एकदम काढला की दाण्याच्या आतलं पाणी भसकन उकळतं आणि दाणा फुटतो. तेव्हा वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबा, दहा-बारा मिनिटं लागतात. खरं म्हणजे बासमती वेळूनच काढावा. भिजवलेला तांदूळ, दसपट उकळतं पाणी, मीठ, सात-आठ मिनिटं, शीत दाबून बघत राहायचं. जरा कमी असतानाच चाळणीत ओतायचा आणि परत पातेल्यात पाच मिनिटं झाकून ठेवायचा. डब्यात करायचाच असेल तर भिजवून निथळलेल्या वाटीला दीड वाटीहून कमी पाणी आणि एकच शिट्टी. हॉटेलच्या बिर्याणीसारखा लांब, न मोडणारा दाणा घरी येत नाही म्हणून खंत करू नका. तिथे बहुतेक वेळा सेला असतो, म्हणजे उकडून घेतलेला बासमती. त्याला तास-दोन तास भिजवावं लागतं आणि तो सहजी मोडत नाही.

डाळ-भात एकाच कुकरमध्ये लावायची सवय सोडायला नको, फक्त डाळीमुळे भाताला शिक्षा होऊ देऊ नका. तुरीची डाळ पाऊण तास गरम पाण्यात भिजवा, हळद-हिंग-तेल घालून खालच्या डब्यात ठेवा, म्हणजे ती दोन शिट्ट्या आणि पाच मिनिटांच्या बारीक आचेत शिजते आणि भातालाही जास्त होत नाही. भाताच्या डब्यावर ताटली ठेवा. नाहीतर कुकरच्या झाकणावर जमलेलं पाणी निवताना भातावर ठिबकतं आणि वरचा थर ओलाकिच्च होतो. बोअरचं पाणी वापरत असाल आणि भात पिवळसर दिसत असेल तर शिजताना लिंबाचे चार थेंब टाका.

बिघडलेला भात फेकायचा नसतो. बोटचेपा राहिला तर वाटीमागे दोन-तीन चमचे उकळतं पाणी वरून शिंपडा, तव्यावर बारीक आचेने झाकून आठ मिनिटं. गिच्च झाला तर परातीत पातळ पसरून पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्याने सुटला तर ठीक, नाहीतर ज्वारीचं पीठ, कांदा, तीळ घालून थालीपिठं लावा. तळाला लागला तर खरवडू नका, हलवूही नका. वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, करपट वास तळातच राहतो.

उरलेल्या भाताबद्दल मात्र कडक राहा. तांदळात असलेल्या काही जिवाणूंची बीजं शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणी दिल्याने जात नाही. तेव्हा उरलेला भात पसरून निववा, तासा-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजमध्ये शितं कडक होतात. फोडणीच्या भाताला ते चांगलंच: ओल्या हाताने गुठळ्या फोडा आणि फोडणीत टाका. साधाच खायचा असेल तर पाण्याचा हबका मारून पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा.

वीस किलो साठवायचे कसे, हाही प्रश्न आहेच. नव्या तांदळात ओल असते. पिशव्या उघडून सुती कापडावर घरातच, सावलीत, एक दिवस पसरा. कडक उन्हात घातला तर दाण्याला चिरा पडतात आणि शिजताना कणी होते. फ्रीझरमध्ये जागा असेल तर किलो-किलोच्या पिशव्या चार दिवस ठेवून काढा, किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून घरातल्या तापमानाला येऊ द्या, मग डब्यात भरा, नाहीतर दव धरतं. डबा कोरडा, झाकण घट्ट, वर कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला. बोरिक पावडर लावू नका. ती पोटात जायची वस्तू नव्हे, आणि नीट धुतली गेली का हे कळायचा मार्ग नाही. संपवण्याचा क्रम: आधी उकडा, कारण त्याच्यावर कोंड्याचा थर असतो आणि कोंड्यातलं तेल खवट होतं, पाच-सहा महिन्यांत तो संपवावा. मग आंबेमोहर, वास आहे तोवर. इंद्रायणी आणि कोलम थांबतील. नव्या आंबेमोहराचा किंवा इंद्रायणीचा किलोभर धुवून, सावलीत वाळवून दळून ठेवलात तर मोदकांची उकड सुरेख होते. नव्या तांदळाचा जो चिकटपणा भातात नडतो, तो पारीला मदत करतो. मोदक वळताना चिरत नाहीत.

आता सासऱ्यांचा उकडा. हा तांदूळ होतो तो असा: साळ, म्हणजे सालासकट भात, भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. दाण्यातलं पीठ सालाच्या आतच एकदा शिजून परत कडक झालेलं असतं, कोंड्यातली काही जीवनसत्त्वंही त्या उकडण्यात दाण्यात उतरतात. म्हणून तो दगडासारखा टणक लागतो, शिजायला पांढऱ्या तांदळाच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेतो आणि कितीही शिजवला तरी लगदा होत नाही. चार शिट्ट्यांत तो कचकचीत राहिला, यात नवल नाही.

आधी रोळून घ्या, उकड्यात खडा सापडतो. पसरट भांड्यात तांदूळ आणि भरपूर पाणी घ्या, भांडं गोल हलवा आणि वर तरंगत आलेला तांदूळ पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओता. थोडा थोडा, चार-पाच वेळा. खडे तळाशी राहतात. मग तीन पाण्यांनी धुवा, पाणी तांबूस येईल, ते साहजिक आहे. रात्रभर भिजत घाला. सकाळी जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात वाटीला सहा वाट्या पाण्याचं आधण ठेवा, तांदूळ वैरा आणि मध्यम आचेवर उघडाच शिजू द्या. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतील. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला. दाणा फुगून त्याचं पोट फुटायला लागलं आणि दाबल्यावर आत कणी उरली नाही की झाला. मीठ आता घाला. तो पातेल्यावर झाकण धरून वेळा आणि खालचं दाट तांबूस पाणी सांभाळून ठेवा, तीच वेळलेली पेज. घाई असेल तर भिजवलेला उकडा थेट कुकरमध्ये, वाटीला चार वाट्या पाण्यात, कुकर अर्ध्याच्या वर न भरता, चमचाभर तेल टाकून. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग पंधरा मिनिटं बारीक, वाफ आपोआप जिरू द्या.

नुसती पेजच करायची असेल तर अर्धी वाटी भिजवलेल्या उकड्याला पाच वाट्या पाणी. दाणे पूर्ण उमलेपर्यंत, तासाभराने, पाणी दाटसर होतं. शितं आणि पाणी वेगळं दिसलं पाहिजे, खिरीसारखं एकजीव नको. घोटू नका.

साखरेबद्दल: उकडा पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश पचतो, त्यामुळे साखर एकदम चढत नाही. पण तोही भातच आहे. किती खायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून वाटीने ठरवा, सोबत कुळीथ, मासे, पालेभाजी जास्त असू द्या. पातळ पेजेत शितं कमी असतात, पण पिठाळ पाणी असतंच, तेव्हा तीही मोजूनच.

मालवणकडे पेज दुपारच्या जेवणाआधी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला घेतात. खोलगट ताटलीत, गरम, मिठाची, बाजूला लोणच्याची फोड, भाजलेला पापड, आणि चालत असेल तर निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेला सुक्या बांगड्याचा तुकडा. सासऱ्यांना चमचा देण्याआधी विचारा, कदाचित ते ताटली तोंडाला लावतील.